मायल्या आणि धुरा

मु. पो. आपलंच गाव, ता. आर्णी
१४ डिसेंबर

प्रिय सदाशिव,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उघडायच्या आधी दोन दिवस टेबलावर ठेवशील, हे मला ठाऊक आहे. शुभदाला म्हणशील, आता काय राहिलंय याचं? म्हणून पहिल्याच ओळींत सांगून टाकतो: कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, आणि मी काही मागायला लिहीत नाही. फोन केला असता, पण तू उचलला नसतास. उचलला असतास तरी दुसऱ्याच वाक्याला आपण धुऱ्यावर जाऊन पोचलो असतो. नऊ वर्षं आपण दोघं सख्खे भाऊ बोललो नाही, ते त्या एका धुऱ्यापायी. पुसदला राहून तू आता त्याला बांध म्हणत असशील. तर धुऱ्याचं लिहायचं आहेच, त्याच्यासाठीच बसलो आहे, पण आधी कुत्र्याचं लिहितो. तुमचं कुत्रं माझ्याकडे आहे.

खुशीवर रागावू नकोस. पुण्याला हॉस्टेलवर जाताना तिनं तुला सांगितलं ना, की मायलो आर्णीच्या एका मैत्रिणीकडे दिला? ती मैत्रीण म्हणजे आपला कपिल. आपली दोघांची तोंडं दोन दिशांना असली तरी या चुलत बहीणभावांचं मोबाइलवर रोज चालू असतं, हे तुला माहीत नसेल असं नाही. मी माझ्या घरात जसं माहीत नसल्याचं दाखवतो, तसंच तू तुझ्या घरात दाखवत असशील. जूनमध्ये एका दुपारी कपिल गाडीवर पुढ्यात भाजीचं क्रेट ठेवून आला, आणि क्रेटमधून हे ध्यान बाहेर आलं. खुशीनं सोबत तीन पानांची यादी दिली होती, काय खायला द्यायचं आणि काय नाही. तुझी वहिनी ती यादी चष्मा लावून वाचून म्हणाली, "इतकं तं मी माह्या बाळंतपनातबी नाई खाल्लं." आता ती त्याला स्वतः भाकर कुस्करून देते आणि यादी गव्हाच्या कोठीवर पडली आहे. मायलो हे नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून इथं तो मायल्या आहे.

तुझ्या घरचं म्हणून पहिले दोन दिवस मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी पाहावंच लागलं, कारण त्यानं माझ्या खाटेखालची जमीन कोपरभर खणली होती. अंगानं केवढा, तर आपल्या शेळीच्या आठवड्याच्या पिल्लाएवढा. पांढरा, डाव्या डोळ्यावर आणि शेपटीच्या मुळाशी तपकिरी डाग, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे. केस राठ, तोंडाभोवती चार केस लांब राहिल्यामुळे म्हाताऱ्याची दाढी करायची राहून गेल्यासारखा दिसतो. कान पुढे दुमडलेले. पाय सरळ, काटकुळे, पण हात लावशील तर दोरखंडासारखे. शेपूट चार बोटांचं. कपिल सांगतो की ही जात विलायतेत कोल्ह्याच्या बिळात सोडायला तयार केली, आणि शेपूट मुठीत मावेल एवढं मुद्दाम ठेवतात, आत अडकला तर धरून ओढायला. तुला हे माहीत होतं का? मला वाटतं, तू लहान आकार पाहून घेतलास, फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून राहील म्हणून. मग त्यानं सोफाच खणला.

गावानं आधी फार हसून घेतलं. रानडुकरांनी आणि रोह्या-नीलगायींनी वैतागलेलं गाव, आणि मी राखणीला हे आणलं असा सगळ्यांचा समज. पारावर एकानं विचारलं, "नानाजी, हे कुत्रं हाय का मुंगूस?" पण मायल्याला आपण लहान आहोत हे कोणी सांगितलेलंच नाही. कपाशीत रोही शिरला तर हा त्याच्या पोटाखाली जाऊन उभा राहतो आणि भुंकतो. रोही मान वळवून खाली पाहतो, कोण बोललं म्हणून. पळत नाही तो, पण विचारात पडतो. उंदरांच्या बाबतीत मात्र हसायला जागा राहिली नाही. सोयाबीनच्या पोत्यांमागे इतकी वर्षं आम्ही विषाच्या गोळ्या ठेवत होतो. यानं ऑक्टोबरमध्ये एका सकाळी पोती सरकवता सरकवता सतरा उंदीर काढले, एकेकाला एक झटका, पुढचा. खाल्ला एकही नाही. रांगेत टाकून दिले आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसला. त्या दिवसापासून गावातले तीन जण त्याला घरी न्यायला येऊन गेले, आणि मी त्याला गड्यासारखा मजुरीवर पाठवत नाही म्हणून नाराज आहेत.

स्वभाव सांगतो. मांडीवर बसत नाही. बसलाच तर तिथून मांजर दिसतं म्हणून. एकटं ठेवलं की खणतो. ओरडलं की ऐकतो, पण पटलं तरच. मांजरीला मारत नाही, फक्त तिला कळू देतो की तो आहे. माणसाच्या डोळ्याला डोळा लावून बसायची सवय वाईट. तू जेवत असशील, हिशेबाचा कागद पाहत असशील, नुसताच बसलेला असशील, हा समोर बसून बघतो, की आता उठून काय काम काढणार. मी साठी ओलांडली, सदा. इतक्या वर्षांत माझ्याकडून एवढी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. मला तो आवडतो, हे लिहायला लाज कसली.

लस द्यायला आर्णीला जनावरांच्या दवाखान्यात नेला, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, प्राची नाव त्यांचं, त्याला टेबलावर उभा करून पुढच्या पायांमागून छातीला दोन्ही पंजांचा वेढा घातला. वर अंगठे टेकले, खाली बोटं टेकली. म्हणाल्या, "असा दोन पंजांत मावला तर तो खरा कामाचा. छाती मोठी झाली का बिळात जात नाही." मग त्यांनी त्याचं काम काय ते समजावून सांगितलं. बिळात जाऊन जनावर मारणं हे याचं काम नाही. आत जायचं, जनावराला अडवायचं, मागे हटायचं नाही, आणि भुंकत राहायचं. वरच्या माणसानं त्या आवाजावर खणत यायचं. म्हणजे निम्मं काम कुत्र्याचं, निम्मं माणसाचं. ते मी त्या दिवशी नुसतं ऐकून घेतलं.

आता या मंगळवारचं. तळ्याकडच्या वावरात माझ्या बाजूला तूर उभी आहे, शेंगा भरल्यात, अजून महिनाभर तरी आहे. तुझ्या बाजूला डोंगरसिंग हरभऱ्याला पाणी देत होता. तुझं वावर मक्त्यानं वाहायला लागून त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. तुझ्याशी फोनवर बोलतो, माझ्याशी धुऱ्यावर तंबाखू मळतो, आणि इकडचं तिकडे एक अक्षर करत नाही, असा माणूस. कपिल ट्रॅक्टरच्या कामाला यवतमाळला गेला होता. मी आणि मायल्या सकाळी नवाच्या सुमारास पोचलो. धुऱ्याच्या पोटात, पळसाच्या खोडाजवळ, सायाळीचं बीळ आहे. दोन काटे बाहेरच पडले होते. मी हाक मारेपर्यंत मायल्याचं शेपूट आत गेलं होतं.

पहिला अर्धा तास मी निवांत होतो. भुंकणं स्वच्छ ऐकू येत होतं, जमिनीखालून येतं तसं दबलेलं, पण न थांबणारं. मग ते एकाच जागेहून यायला लागलं. पुढे नाही, मागे नाही. डोंगरसिंग पाण्याची मोटर बंद करून आला, तुरीच्या दोन ओळींमध्ये आडवा झाला आणि जमिनीला कान लावला. माझ्या वावरात, धुऱ्यापासून तीन हात आत. "हितं हाय, भाऊ. हितंच खंदा." मी त्याला म्हणालो, तिथं नाही, बीळ धुऱ्यात आहे, धुराच खणू. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कुदळ उचलून माझ्यामागे आला आणि आम्ही धुरा खणायला लागलो.

डिसेंबरातली काळी जमीन तुला माहीत आहे. वर भेगा, खाली दगड. लोखंडी सब्बल मारली की हातभर ढेकूळ सुटतं आणि मनगट झिणझिणतं. आम्ही दोन तास खणलं. मधून मधून डोंगरसिंग थांबायचा, कान द्यायचा, आणि पुन्हा तेच. "आवाज तुरीतून येऊन राह्यला, भाऊ. तुमी धुरा काहून खंदून राह्यले?" मी दरवेळी काहीतरी उत्तर दिलं. बीळ वळत असेल म्हणालो. तूर मोडेल म्हणालो. भरल्या शेंगांची चार झाडं मोडतील म्हणून मी कुत्रं आत ठेवतो आहे, असं त्याला वाटू दिलं. ते वाटलेलं परवडत होतं मला. खाली मायल्या त्याचं निम्मं काम करत होता. एकाच जागेवरून सांगत होता, मी इथं आहे, इथं आहे.

बाराच्या सुमाराला आवाज थांबला. डोंगरसिंग पुन्हा तुरीत आडवा झाला, त्याच्या बंजारा भाषेत खाली तोंड करून "आव, आव" करून पाहिलं, आणि उठून अंगाची माती झटकली. "गप झालं, भाऊ." एवढंच म्हणाला. मला एकदम खुशी आठवली, तिची ती तीन पानं आठवली, आणि मग दुसरंच काहीतरी आठवलं, ते पुढे लिहितो. माझी मलाच इतकी किळस कधी आली नव्हती. मी त्याच्या हातून सब्बल घेतली, तुरीत गेलो, चार झाडं मुळासकट उपटून फेकली आणि तीन हातांवर जिथं घाव घालायचा तिथं घातला. जागा मला शोधावी लागली नाही. चौथ्या घावाला सब्बल दगडावर वाजली.

बाबांनी वाटणीच्या वेळी आपल्या दोघांना उभं करून रोवलेला तोच काळा दगड. एका बाजूला कललेला, वरच्या टोकावर नांगराच्या फाळाची पांढरी रेघ. डोंगरसिंगनं दगड पाहिला, तिथून धुऱ्यापर्यंतचं अंतर पाहिलं, आणि माझ्याकडे न पाहता खाली वाकून दगडाच्या बगलेची माती हातानं काढायला लागला. बीळ दगडाला वळसा घालून खाली गेलं होतं. मायल्या त्या वळणात अडकला होता. पुढे सायाळीची पाठ, मागे ढासळलेली माती, वर दगड. मागचा एक पाय हलत होता. दगड उचलल्याशिवाय निघणार नव्हता. तेव्हा डोंगरसिंग बोलला, "दगड हालवला तं मंग कोन सांगन, का तो कुठं होता?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच ठरवून पाहिजे होतं. मी म्हणालो, मोबाइल काढ, फोटो घे, धुरा आणि पळस दोन्ही दिसू दे. त्यानं चार फोटो घेतले. मग दगडाला लागून तुराटीची नव्हे, चांगली बाभळीची खुंटी ठोकली. नंतर दोघांनी मिळून दगड उचलून बाजूला टाकला, आणि मी पालथा पडून हात आत घातला. शेपूट मुठीत आलं. विलायतेतल्या माणसांना कळतं काहीतरी.

बाहेर आला तेव्हा श्वास होता. डोळे मातीनं भरलेले, तोंडात आणि मानेत अकरा काटे, एका कानाचं टोक गेलेलं. सायाळ दुसऱ्या तोंडानं निघून गेली, तिला काही झालं नाही. डोंगरसिंगनं आपलं पागोटं ओलं करून त्याला गुंडाळला आणि त्याच्याच गाडीवर मला मागे बसवून आर्णीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गुंगीचं इंजेक्शन देऊन एकेक काटा चिमट्यानं काढला. म्हणाल्या, अर्धा तास आणखी गेला असता तर गुदमरला असता. दोन तास आधी काढला असता तर, हे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना माहीत नव्हतं. आता तो बरा आहे, दूध-भाकर खातो, औषध पाहिलं की खाटेखाली जातो. खुशीला कपिलनं सगळं सांगितलंय, ती रविवारी येते आहे. परत येताना डोंगरसिंगला मी विचारलं, तुला ठाऊक होतं का? गाडी चालवता चालवता म्हणाला, "मले तं पयलेपासून मालूम होतं, भाऊ. पन भावाभावात म्या काहून बोलाव?"

आता पत्र लिहायला का बसलो ते. पहिल्या वर्षी ट्रॅक्टरवाल्यानं वळताना धुऱ्याचा काठ कोरला; मी पाहिलं आणि बोललो नाही. दुसऱ्या वर्षी मीच त्याला म्हणालो, जरा धुऱ्याला लागून घे. पुढे सांगायची गरजच पडली नाही, धुरा दरसाल तुझ्याकडे सरकत गेला. चौथ्या वर्षी फाळ दगडाला लागून दगड कलला, तेव्हा मी पायानं त्याच्यावर माती लोटली आणि पुढच्या हंगामात तिथं पीक उभं राहिलं. तू मोजणीचा अर्ज दिलास, मोजणीवाले साखळी घेऊन आले, आणि सगळ्यांसमोर मी बाबांची शपथ घेतली, की मी एक वीतही कोरलेली नाही, दगड नाल्याच्या पुरात गेला असेल. तू तिथंच अर्ज मागे घेतलास आणि गेलास. मी नऊ वर्षं लोकांना सांगितलं, खोटा पडला म्हणून गेला. मंगळवारी त्या दगडापायी मी कुत्र्याला दोन तास जमिनीखाली भुंकू दिलं. फोटो पाकिटात आहेत, खुंटी जागेवर आहे, खड्डा मी बुजवलेला नाही. तीन हात तुझे आहेत. तूर काढली की डोंगरसिंग तिथं वाहील, तू आलास काय नि न आलास काय. दगड मात्र तुझ्याशिवाय कोणी रोवणार नाही. माफी मागत नाही, ती तू देशील तेव्हा दे. तू खरं बोलत होतास, सदा. शपथ खोटी होती. बाबांची घेतली होती. ते नाहीत, आता ती कोणाकडे जाऊन मागे घ्यायची मला कळत नाही, म्हणून तुझ्याकडे मागे घेतो.

तुझाच,
दादा